पेटीनं सोडलेलं पाणी

आमच्या मळ्यातलं कांद्याचं सगळं रोप मी एका दुपारी पेटी वाजवून वाहून घालवलं. हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं. प्रत्येकानं रोपाच्या आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

त्या वेळी मी मंगरूळपीरच्या शाळेत मास्तर होतो आणि भजनी मंडळात पेटी वाजवत असे. (चांगली वाजवतो असं मंडळातल्या कुणी म्हटल्याचं आठवत नाही; पण पेटी माझी स्वतःची होती.) तेवढ्या कीर्तीवर नागपूरचे एक प्रोफेसर वाशीम स्टेशनावर उतरून बैलगाडीनं थेट माझ्या दारात आले. सोबत बोलणं टिपून घेणारं यंत्र होतं. एक चावी, एक कर्णा आणि मेणाच्या नळ्या.

"माणूस बोलतो तेव्हा आवाज चढतो, उतरतो," ते म्हणाले. "हा चढउतार नेमका हाती लागला, तर एक दिवस यंत्रालाही माणसासारखं बोलता येईल. तुम्ही एवढंच करायचं. नळी लावायची, प्रत्येक अक्षराचा सूर पेटीवर शोधायचा आणि वहीत लिहायचा."

आवाज कुणाचा घ्यायचा, हा प्रश्नच नव्हता. माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, घर आणि घरामागचा भाजीचा मळा दोन्ही आवाजावर चालवायची.

"याच्यात काय बोलू?" तिनं विचारलं.

"रोज बोलता तेच बोला."

आत्यानं पदर सावरला, कर्ण्याजवळ तोंड नेलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "महादू, पानी सोड."

तिकडे मळ्यात महादूनं खरंच पाणी सोडलं.

महादू आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. साठी उलटलेला, कानानं अधू. शब्द त्याच्यापर्यंत पोचत नसत, आत्याच्या बोलण्याचा हेल तेवढा पोचे. सकाळी मोट चालवून तो हौद भरायचा आणि हेल ऐकू आला की हौदाचा बोळा काढायचा. कांद्याच्या रोपाची लावणी पुढच्या आठवड्यात होती, म्हणून आत्या त्या रोपाला पाणीही मोजून पाजत होती.

प्रोफेसर यंत्र माझ्याकडे ठेवून आठ दिवसांसाठी पुढे गेले. सकाळची शाळा सुटली की मी दार लावून, मळ्याकडची खिडकी तेवढी उघडी ठेवून बसायचो. म-हा-दू-पा-नी-सो-ड. सात अक्षरं, पण एकेका अक्षरानं माझा घाम काढला. 'महादू' जमला की 'पानी' हातचं निसटायचं.

दुसऱ्याच दिवशी महादू दारात आला. "आत्याबाई, सोडलं पानी."

"मी कधी सांगतलं तुले?"

"आत्ताच तं आवाज देल्ला."

आत्यानं त्याला बसवून दोन्ही कानांत कोमट तेल घातलं. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तेव्हा ती त्याला दर्ग्यात घेऊन गेली आणि दंडाला धागा बांधून आणला. मी हे सगळं खिडकीतून पाहिलं. बिचाऱ्याचं वय झालं, असं मला वाटलं आणि मी पुन्हा 'पानी'कडे वळलो.

चौथ्या दिवशी आत्यानं स्वतः आवाज दिला, तर धागा बांधलेला महादू जागचा हलेना. "मी इथं बोंबलून राह्यली, अन् तू आयकत काहून नाई?" महादूनं मान खाली घातली. त्या दिवशी त्यानं मनाशी ठरवलं, आता हाक आली की पाणी सोडायचं, विचार करायचा नाही.

आठव्या दिवशी आत्या भाजी घेऊन बाजारात गेली होती. दुसऱ्या दिवशी प्रोफेसर यायचे होते आणि त्या दुपारी सातही अक्षरं मला एका दमात वाजवता आली. आनंदानं मी तेच वाक्य वाजवत सुटलो. हळू वाजवलं, जोरात वाजवलं, डोळे मिटून वाजवलं. मांडीला गार लागलं तेव्हा डोळे उघडले. खोलीत वीतभर पाणी होतं, वही दाराकडे निघाली होती आणि पेटीतून सुरांऐवजी बुडबुडे येत होते. अंगणात कांद्याची रोपं तरंगत होती. हौद कधीच रिकामा झाला होता, तरी महादू बैलांना हाकत मोट चालवतच होता.

आत्या आली. तिनं अंगण पाहिलं, महादूकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पेटीकडे पाहिलं. मी सगळं कबूल केलं.

"म्हनजे आठ दिवसांपासून मी त्या बिचाऱ्याच्या कानात तेल ओतून राह्यली, ते तुह्या पायी?"

तिनं महादूच्या दंडाचा धागा सोडला आणि माझ्या दंडाला बांधला. मग धनजच्या नातेवाइकांकडून रोप मागवलं, आणि ते चिखलात मी एकट्यानं लावायचं, असं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसर आले तेव्हा मी वाफ्यात ओणवा होतो. हकिगत ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "अहो, म्हणजे पेटी बोलली की!" त्यांनी वाळत घातलेली वही घेतली, नळी लावली आणि खिशातल्या सुराच्या शिट्टीवर एकेक अक्षर ताडून पाहिलं. सातांपैकी एकही सूर जुळेना. चावी उतरत आली की नळी मंद फिरते आणि आवाज खाली येतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

प्रोफेसर बुचकळ्यात पडले. त्यांनी महादूला बोलावून कानाशी तोंड नेऊन विचारलं, "सूर तर सगळे चुकलेले. मग हा आत्याबाईंचाच आवाज, हे तुम्ही कशावरून ओळखलं?"

महादूनं माझ्याकडे पाहिलं, थोडा संकोचला.

"साहेब, गानं असतं तं सुरात असतं. हे काई सुरात नोतं. मंग मी समजलो, आत्याबाई रागावून बोलून राह्यल्या."

प्रोफेसरांनी ते वाक्य स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. माझ्या आठ दिवसांच्या कामातून त्यांनी नागपूरला नेलं ते एवढंच.