आधीच मानलेले आभार

कॉलनीच्या समितीचा नवा सचिव गेल्या महिन्यात माझ्याकडे आला. वयाने माझ्या मुलापेक्षा लहान. मोटरसायकल चालूच ठेवून फाटकाबाहेरून म्हणाला, "काका, छब्बीस जनवरीले डेपोबाबूंचा सत्कार ठेवला हाये. इतकी वर्षं बिना तक्रार पाणी सोडलं त्याइनं. तुम्ही दोन ओळी लिहून द्या न. त्याइले कामाले तुम्हीच लावलं होतं म्हणतात."

"हौ," मी म्हणालो, "मीच लावलं होतं."

"वा! मग भाषण बी तुमचंच." आणि गेला.

त्या दोन ओळी मला लिहिता आल्या नाहीत. त्यांच्या जागी हे लिहितो आहे.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी बरीच वर्षे या समितीचा सचिव होतो. बालाघाटहून वारासिवनीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची कॉलनी. फाटकाशी एक फळा होता. आता मोबाइलवरच्या ग्रुपमुळे त्याची गरज उरली नाही, पण तेव्हा सकाळी दूध आणायला निघालेला माणूस आधी फळा वाचायचा. वरच्या अर्ध्या भागात 'समाचार', खालच्या अर्ध्यात 'सेवा का अवसर'. फळा हिंदीत, कारण निम्म्या लोकांना मराठी वाचता येत नव्हते आणि मराठी घरांतल्या पोरांनाही हिंदीच सोपी जायची. कोण वारले, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, बोअरची मोटर कधी दुरुस्त होणार, हे वर. बगीच्यातले गवत काढायला कोण येणार, गणपतीच्या भंडाऱ्याचा भात कोण शिजवणार, हे खाली.

खालचा भाग सगळे वाचत आणि पुढे जात. नाव द्यायला कोणी येत नसे. तेव्हा मी एक युक्ती काढली. विचारणेच बंद केले. सरळ आभार मानायला लागलो. एका निवृत्त हेडमास्तरांचे मी फळ्यावर आभार मानले, की त्यांनी रविवारी मुलांना गणित शिकवण्याचे कबूल केले आहे. त्यांना हे फळ्यावर वाचूनच कळले. रागाने लाल होऊन आले, तर बगीच्यात मुले चटया टाकून बसलेली आणि मागे त्यांच्या आया हात जोडून उभ्या. काय बोलणार? शिकवले. एका बाईंचे आभार मानले भंडाऱ्याच्या भाताबद्दल. त्यांनी मला आठवडाभर शिव्या दिल्या, पण भात चांगला केला होता. ज्याचे आभार सर्वांसमोर मानले गेले आहेत त्याला नाही म्हणता येत नाही, हे मला कळले होते. पुढे पुढे मी ती युक्ती कामासाठी कमी आणि माणसांना वाकवण्यासाठी जास्त वापरू लागलो. समितीतल्या आम्हा चौघांना संध्याकाळी तेवढीच करमणूक असे. "आता कोणाचे आभार मानायचे, साहेब?" असे कोणी तरी विचारायचे आणि आम्ही हसायचो.

डेपोबाबू कोपऱ्यावरच्या घरात राहत. जंगल खात्याच्या लाकूड डेपोत नोकरी केलेला माणूस, म्हणून ते नाव. ते श्रमदानाला येत नसत, बैठकीला येत नसत, कोणाला घरात बोलावत नसत. एका गणपतीत मी स्वतः प्रसाद घेऊन त्यांच्या दारात गेलो. त्यांनी दार हातभर उघडले, द्रोण घेतला, "उपकार झाले, साहेब," म्हणाले आणि दार लावून घेतले. सचिवाला कोणी असे दारातून परत पाठवत नाही. ते मी मनात ठेवले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कारण कळले. सकाळी आम्ही समितीचे लोक फाटकाशी खुर्च्या टाकून बसलो होतो. डेपोबाबूंच्या पत्नी बाहेर आल्या. अंगावर लग्नाकार्यात नेसायचे लुगडे, पायात एकच चप्पल. माझ्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, रामपायलीले कुठून जा लागते? माह्या माहेरी जा लागते मले. माय वाट पाहून राह्यली."

त्यांचे वय सत्तरीच्या आसपास होते. आई कुठली असणार? मला लगेच समजले. बाजूच्याने मला कोपराने ढोसले. मी उभा राहिलो, रामलीलेतल्यासारखा हात लांब केला आणि म्हणालो, "सरळ जा, बाई. हाच रस्ता. वारासिवनीहून पुढे. कुठी थांबू नोका."

मागे सगळे हसले. त्या मात्र खूश झाल्या. "बरं झालं, भाऊ," म्हणाल्या. "घरी कोणी सांगतच नाही मले." आणि मी दाखवलेल्या बाजूला चालू लागल्या.

डेपोबाबू बनियनवर धावत आले. त्यांनी बायकोचा हात धरला, तिला वळवले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "फिरायले निघाली होती."

"हौ, हौ," मी म्हणालो. "हवा चांगली आहे."

कारण कळल्यावर माझा राग जायला हवा होता. गेला नाही. सगळ्या कॉलनीच्या बातम्या लिहिणारा मी, आणि या माणसाने इतकी मोठी गोष्ट माझ्यापासून लपवली, असे मला वाटले. हे वाचणाऱ्याला पटणार नाही. मला तेव्हा अगदी पटले होते.

मग पाणी सोडणारा माणूस काम सोडून गेला. टाकीखालचा व्हॉल्व पहाटे उघडायचा, आधी खालच्या गल्लीला पाणी द्यायचे, मग वरच्या गल्लीला, मग बंद करायचे. तितका वेळ तिथेच थांबावे लागे. मी फळ्यावर लिहिले की डेपोबाबूंनी ही सेवा स्वीकारली आहे, कॉलनी त्यांची आभारी आहे.

ते बैठकीला आले. पहिल्यांदाच. सगळ्यांसमोर उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मले पहाटे घराबाहेर निघणं जमत नाही. दुसरं कोणतं बी काम सांगा. दुपारचं सांगा."

खरे कारण त्यांना उघड सांगायचे नव्हते. आमच्याकडे एकदा एखाद्या बाईला पागल म्हटले की पोरे तिच्या दारावर खडे मारतात, हे त्यांनाही माहीत होते. मला कारण माहीत होते. मी म्हणालो, "काहून जमत नाही, बाबू? या वयात बी वहिनी पांघरुणातून निघू देत नाही का?"

सगळी बैठक हसली. बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. डेपोबाबू कान लाल होईपर्यंत उभे राहिले, मग तेही हसले. मी व्हॉल्वची लोखंडी चावी पुढे केली. त्यांनी ती घेतली.

ते पहाटे निघताना बाहेरून कडी लावून जात. आत बायको जागी होई आणि दार वाजवी. शेजाऱ्यांनी माझ्याकडे तक्रार केली. मी फळ्यावर लिहिले: 'कृपया प्रातःकाल शांति रखें, दूसरों की नींद का ध्यान रखें.' नाव लिहिले नाही. वर त्यांना गाठून म्हणालो, "बाबू, बाईमाणसाले कोंडून ठेवता, लोक नावं ठेवून राह्यले."

त्यांनी कडी लावणे बंद केले.

थंडीचे दिवस होते, धुके होते. डेपोबाबू टाकीखाली वरच्या गल्लीचे पाणी फिरवत होते तेव्हा त्या फाटकातून निघाल्या. वारासिवनीच्या रस्त्याने सरळ गेल्या. कुठे थांबल्या नाहीत. धानाच्या ट्रकवाल्याला धुक्यात त्या दिसल्या नाहीत.

बातमी मीच लिहिली. 'कॉलनी की जलसेवा में रत हमारे डेपोबाबू की धर्मपत्नी का आकस्मिक निधन.' सेवेत रत हे शब्द मी मुद्दाम घातले. लोकांनी डोळे पुसले. अशा वेळीही माणूस कर्तव्यावर होता, असे बोलू लागले. त्यांची एकुलती एक मुलगी गोंदियाहून आली. रिक्षातून उतरली ती फळ्यापुढेच. तिने ते वाचले. अंगणात तिरडी बांधणे चालू होते. तिथे सगळ्यांसमोर तिने बापाला विचारले, "माय रस्त्यावर होती अन् तुम्ही लोकाइचे नळ सोडून राह्यले होते?"

डेपोबाबूंनी माझ्याकडे पाहिले. मी चार पावलांवर होतो. एक वाक्य पुरले असते. मी खाली वाकलो आणि तिरडीची सुतळी ओढून पाहिली, नीट बांधली आहे का.

तेराव्याचे जेवण करून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी मुलगी गेली ती परत आली नाही. बापाशी बोलणेही तोडले. डेपोबाबू मात्र पहाटे टाकीखाली जातच राहिले. आता घरातून निघायला काहीच अडचण नव्हती.

इतकी वर्षे गेली आणि आता सत्कार. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दार पूर्ण उघडले. आत खाट, टेबल पंखा, खुंटीवर ती चावी. मी बसलो आणि सगळे सांगायला लागलो. फळा, बैठक, रस्ता दाखवला तो दिवस. त्यांनी मध्येच हात वर केला. आजवर साहेब म्हणणारा माणूस एकेरीवर आला.

"मले काहून सांगून राह्यला? मी होतो न तिथं."

मी खुंटीवरच्या चावीकडे पाहिले.

"माफी पाहिजे तुले. नाही भेटत. पोरीले सांग जा."

"तुम्ही का नाही सांगितलं तिला?"

"काय सांगू तिले? का लोक हसले म्हणून मी चावी घेतली? तुह्या मायले एकटं सोडलं, कारण मले चारचौघात लाज वाटली?" ते खाटेवर आडवे झाले, तोंड भिंतीकडे केले. "बाप कठोर हाये, असं समजते ते. समजू दे. बाप भेकड निघाला, हे माह्या तोंडानं नाही निघत. तू सांग. तुले सवय हाये लोकाइच्या बातम्या सांगायची."

मी सकाळच्या गाडीने गोंदियाला गेलो. मुलीचे केस आता पिकले आहेत. "या, काका," म्हणाली. गॅसवर चहा ठेवला. मी उभ्यानेच सांगू लागलो. बसलो असतो तर अर्धे गाळले असते. काही गाळले नाही. तिची आई मला 'बरं झालं, भाऊ' म्हणाली होती, तेही सांगितले.

ती ओट्याला टेकून ऐकत होती. "मग बाबा नाही म्हणाले नाहीत?"

"म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले."

"मग?"

"आम्ही हसलो."

"अन् बाबा?"

"तेही हसले."

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला, पातेले उचलले आणि सगळा चहा मोरीत ओतला. "तेराव्याले तुम्ही जेवायले होते," ती म्हणाली. "मी वाढलं होतं तुम्हाले. बुंदी दुसऱ्यांदा मागितली होती तुम्ही."

मला ते आठवत नव्हते. आता विसरता येत नाही.

"अन् आज काहून आले? मरायच्या आधी हलकं होऊन जावं म्हणून?"

"हौ," मी म्हणालो. खोटे बोलायला तिथे जागा नव्हती.

"तिकडून जा," तिने दाराकडे बोट केले. "सरळ."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाले. सत्काराची शाल खुर्चीवर घडी करून ठेवलेली होती. सचिव मला दर पाच मिनिटांनी विचारत होता, "काका, बाबू कुठी राह्यले? तुमचं भाषण तयार हाये न?" तेवढ्यात कोपऱ्यावरून एक पांढरी गाडी आली. मागच्या सीटवर गादीची वळकटी आणि एक पेटी. पुढे डेपोबाबू, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. गाडी मुलगी चालवत होती. त्या दोघांत काय बोलणे झाले, मला माहीत नाही. ते मला कळण्याचे कारणही नाही.

सचिव शाल घेऊन धावला. तिने गाडी त्याच्यापाशी थांबवली नाही. फाटकाशी, मी उभा होतो तिथे थांबवली आणि काच खाली केली. लोक गोळा झाले होते. डेपोबाबू समोर रस्त्याकडे बघत होते.

"काका," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रामपायलीले कुठून जा लागते?"

कोणीतरी मागून हौसेने म्हणाले, "सांगा न काका, आपल्याकडचाच रस्ता हाये तो."

माझा हात उचलला गेला नाही. ती वाट बघत राहिली, गाडी चालूच होती. मग तिने काच वर केली आणि उत्तर न घेताच सरळ निघून गेली.