गौतम सरांचे लढाऊ उमेदवार

आमच्या हिंगोलीच्या साप्ताहिकाला बातम्या कधी पुरल्या नाहीत. किस्से मात्र एवढे साठलेत की जुने दोस्त भेटले की चहा गार होतो, किस्से सरत नाहीत! निम्मे किस्से गौतम सरांचे. सर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि दर आठवड्याला आम्हाला व्यंगचित्र द्यायचे. चित्रात बहुतेक वेळा दादाराव, गोरेगावचे पुढारी. तेच सरांच्या शाळेच्या कमिटीवर! म्हणजे दर चित्रागणिक नोकरी पणाला.

*

कारगिलची लढाई चालू होती. इकडे पक्षाच्या जिल्हाध्यक्षपदासाठी दादाराव आणि कळमनुरीचे अण्णा यांची जुंपलेली. सरांनी चित्र काढलं: दोघांच्या हातात दुर्बिणी, पाठ सीमेकडे, नजर खुर्चीवर.

दादाराव तणतणत ऑफिसात आले. आमचे संपादक भाऊ उठून उभे राहिले. सर बसूनच.

"मह्या हातात दुर्बीण काहून देली?"

"मग काय देऊ, साहेब?"

"बंदूक द्या! लढाई चालू हाय!"

पुढच्या अंकात सरांनी दोघांनाही बंदुका दिल्या. दुसऱ्याच दिवशी अण्णांचा फोन, "त्याची बंदूक मह्यापेक्षा लांब काहून?"

*

त्याच दिवसांत आखाडा बाळापूरला सभा झाली. दादाराव गरजले, "मी सीमेवर जायला तयार हाय! फक्त मला तिकीट भेटलं पाहिजे!"

समोरून एक म्हातारा उठला. त्याचं पोरगं फौजेत, तिकडं बर्फात. म्हणाला, "जम्मूचं ना? मी काढून देतो. मह्या लेकराला एवढं स्वेटर न्या."

सभा हसून लोळली. सरांनी तेच चित्र काढलं. पोरगं सुखरूप सुट्टीवर आलं, तेव्हा म्हातारा त्याला घेऊन ऑफिसात आला. सरांच्या हातावर पेढा ठेवला आणि कितीतरी वेळ हात सोडलाच नाही.

*

एकदा भाऊंनी घाईत दोन मजकुरांची अदलाबदल केली. दादारावांच्या चित्राखाली छापून आलं, 'दहावी पास झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

आता काही खरं नाही, म्हणून आम्ही शटर अर्धं ओढून बसलो. खालून वाकून दादाराव आत आले.

"भाऊ, अजून अंक हायेत का? सासुरवाडीला पाठवायचेत."

*

पुढं इराकची लढाई सुरू होती आणि अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीची धामधूम. सरांनी उमेदवार काढला: डोक्यावर लष्करी टोप, बसायला गाढव.

अंक निघाला आणि दादारावांचा फोन. "सर, मला गाढवावर बसवलं व्हय?"

"तुमी न्हाई, साहेब. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार हाय. तिकडं त्याच्या पक्षाची निशाणीच गाढव."

फोनवर अंकाची पानं सळसळली.

"नाक तर बराबर महंच हाय."

सरांनी समोरचा अंक ओढून नाक पुन्हा एकदा पाहिलं.

"मोठं काढून द्या. रंगीत!"

महिनाभरानं आम्ही गोरेगावला त्यांच्या घरी गेलो. बैठकीत चित्र फ्रेम करून लावलेलं, वर ताजा हार. एका पाहुण्यानं दादारावांच्या आईला विचारलं, "आजी, गाढवावर कोण बसलंय हो?"

म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आमचा दादा. आवंदा अमेरिकेतून उभा हाय."