गाऱ्हाण्यातला ठराव

“गोणपाट घाल आणि थंयसर बस,” गावकर म्हणाला.

थंयसर म्हणजे देवळाच्या अंगणात. पायरीच्या खाली, चपलांच्या शेजारी.

मी ग्रामसभेला आलो होतो. कोल्हापूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होतो, त्यात लोकप्रशासनाचा पेपर. प्राध्यापकांनी मे महिन्याच्या सुट्टीसाठी काम दिलं होतं : आपापल्या गावची ग्रामसभा बघा आणि तिच्यावर निबंध लिहा. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. एक पाय पायरीवर ठेवला होता. दुसरा उचलायचा तेवढा राहिला.

गोणपाटावर माझा बाप आधीच बसलेला. घरून आणायचा तो गोणपाट, काखेत मारून. बाप ग्रामपंचायतीचा मेंबर. राखीव जागेवरचा. कायद्यानं मेंबर आणि रिवाजानं अंगणात. बाकीचे मेंबर वर मंडपात सतरंजीवर. सहीची वेळ आली की ग्रामसेवक वही घेऊन पायरीपर्यंत यायचा, वही पायरीवर ठेवायचा आणि मागं सरायचा. मग बाप पुढे व्हायचा. एवढं सगळं कायद्यात कुठं लिहिलंय ते मी पुस्तकात शोधून ठेवलं होतं. नव्हतं लिहिलेलं.

गावकर म्हणजे गावाचा पहिला मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. निवडणुका आल्या तसा तोच सरपंच झाला. दुसरं कोण होणार?

“कॉलेजात काय शिकतंस रे?” त्यानं वरून विचारलं.

“लोकप्रशासन.”

“म्हणजे काय ता?”

“कारभार कसा चालवायचा ते.”

“अरे धाकू,” तो माझ्या बापाला म्हणाला, “तुझो झील कारभार शिकता मरे. मग आमी काय करूचा? माडाची झापां विणूची?” मंडप हसला. “शीक बाबा, शीक. लोक तुमी, प्रशासन आमचा. भागीत चलतला.”

मंडप पुन्हा हसला. माझा बापही हसला. ते हसू मला अजून दिसतं.

सभेपुढं काम एकच होतं. विहीर. विकास गटाकडून गावाला एक विहीर मंजूर झाली होती आणि ती आमच्या वाडीसाठी होती. ग्रामसेवकानं स्वतः बापाला तसं सांगितलं होतं. आमची वाडी, गावाच्या तोंडी महारवाडी, खाडीच्या अंगाला. शिमगा झाला की आमचं पाणी मचूळ. मग आई आणि वाडीतल्या बायका ओहोळाच्या वाळूत खड्डा करायच्या. पाणी सुटायची वाट बघायची. वाटीनं घागर भरायची. माझं सगळं लहानपण त्या खड्ड्याच्या काठावर गेलंय. म्हणून ती विहीर. तेवढी एक गोष्ट सरकारनं आमच्या नावानं दिली होती.

सभा सुरू करायच्या आधी गावकरानं गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे त्याशिवाय काहीच सुरू होत नाही. हात जोडले, डोळे मिटले आणि सूर लावला.

“बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत. तेंच्या पोराबाळांक, गुराढोरांक सुखात ठेव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” मंडपानं म्हटलं, अंगणानं म्हटलं.

“कोणाची काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि सरकारान जी विहीर दिली आसा, ती तुझ्याच देवळाच्या पाठसून मारतंव. तिका गोड पाणी लागांदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

सूर तोच. डोळे मिटलेलेच. ग्रामसेवकानं टोपण काढलं आणि लिहिलं. मग मोठ्यानं वाचलं, “विहिरीच्या जागेचा ठराव सर्वानुमते मंजूर.”

देवळाच्या मागं आमची सावली चालत नाही. तिथं विहीर. आणि तिला माझ्या शेजारच्या माणसानं होकार दिला होता. बापाचा आवाज मी कानानं ऐकला. खणखणीत.

घरी आलो. आई चुलीपाशी होती.

“बाबा, विहीर आपली होती.”

“माका म्हायत आसा.”

“मग व्हय कित्याक म्हटलंस?”

बाप माझ्याकडे बघत राहिला. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय असं.

“गाऱ्हाण्याक कोण नाय म्हणता रे?”

“तेका कित्याक इचारतंस?” आई म्हणाली. “तो जल्मात कोणाक नाय म्हणाक नाय. माका सोडून.”

त्या रात्री मला कळलं. मारहाण लागत नाही. बंदूक लागत नाही. माणसाच्या तोंडाला एकदा होय म्हणायची सवय लावली की पुढं त्याच्याच तोंडानं त्याचं पाणी काढून घेता येतं. पिढ्यान् पिढ्या देवापुढं लावलेली सवय. आता सरकारच्या कामाला आली.

कॉलेजात परत गेलो. निबंध लिहिला. गोणपाट लिहिलं, पायरीवरची वही लिहिली, गाऱ्हाणं शब्दाला शब्द लिहिलं. प्राध्यापक चांगला माणूस. खादी घालायचा, आम्हा हॉस्टेलच्या मुलांना पुस्तकं द्यायचा. मला खोलीत बोलावून घेतलं.

“गोणपाट कशाला आणलंस निबंधात?”

“गोणपाट होतं, सर.”

“विषय पंचायतीचा आहे. ठराव सर्वानुमते झाला ना? एकमत ही खेड्यातल्या लोकशाहीची मोठी ताकद आहे. ते आधी मांड.”

ते हसले. मायेनं हसले, तेच वाईट.

“हे बघ, जिल्हा परिषदा नव्या झाल्या आहेत. विस्तार अधिकारी हवेत, गट विकास अधिकारी हवेत. तुझ्यासारख्या मुलाला आजवर कधी नव्हतं ते दार उघडं आहे. फक्त तोंड सांभाळ.”

ते दार मलाही दिसत होतं. खोटं कशाला बोलू? हॉस्टेलात जेवताना रोज तीच बोलणी. कोणाला मामलेदार व्हायचं होतं, कोणाला मुंबईला सचिवालयात चिकटायचं होतं. मला जीप हवी होती. तांबड्या धुळीतून जीप गावात न्यायची, देवळासमोर उभी करायची आणि गावकरानं पुढं येऊन या साहेब म्हणायचं. एवढ्यासाठी मी प्रशासनाची पुस्तकं पाठ केली. निबंध दुसरा लिहून दिला. पहिला वर्ग मिळाला.

बी.ए. झालो. विस्तार अधिकाऱ्याच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीची वाट बघत गावी बसलो होतो. विहीर अजून कागदावरच. देवळामागची जागा नक्की करायला मालवणहून गट विकास अधिकारी येणार होते, म्हणून पुन्हा ग्रामसभा लागली. आता मीही मताचा धनी होतो. गावकरानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. गोणपाटाकडं निघालो तर त्यानं हाक मारली.

“थंय नको रे. आज हयसर बस. पायरेर.”

पायरीवर. मंडपात नाही, अंगणातही नाही. बी.ए.ची किंमत गावानं एक पायरी ठरवली होती.

तो वाकून हळूच म्हणाला, “सायबाक तुझा नाव सांगलंय. हुशार झील आसा म्हणान. तेचो शब्द वर चलता. तुझा काम झाला समज. आज गप बस.”

साहेब मंडपात खुर्चीवर. माझ्याकडं बघून मान हलवली. “म्हणजे आमच्याच खात्यात येणार तुम्ही. छान.” अहो-जाहो केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या देवळाच्या आवारात मला कोणी अहो म्हटलं. ऊब आली अंगात. खरंच आली.

मागं वळून बघितलं. बाप गोणपाटावर एकटा बसला होता. मधे एक पायरी होती. नोकरी लागली की एक जीप असणार होती.

गावकरानं हात जोडले. डोळे मिटले. पोरंबाळं झाली, गुरंढोरं झाली, चूकभूल झाली.

“सायब आज जी जागा बघूक इले आसत, ती तुझ्याच पाठसून आसा. ती नक्की होवंदे रे म्हाराजा.”

“नाही,” मी म्हणालो.

व्हय म्हाराजा अर्धवट विरलं. गावकरानं डोळे उघडले. गाऱ्हाण्याच्या मधे डोळे उघडलेला गावकर गावानं कधी बघितला नव्हता.

“गाऱ्हाण्याक नाय म्हणतंस?”

“गाऱ्हाण्याला नाही. ठरावाला. देवाकडं माझं काही मागणं नाही. विहीर सरकारची आहे आणि ती आमच्या वाडीची आहे.”

साहेब म्हणाले, “तुम्ही शिकलेले आहात. असा अडथळा तुम्हाला शोभत नाही.”

“गाऱ्हाणं आधी पुरं होऊ द्या, साहेब. मग ठराव वेगळा वाचा आणि हात वर करायला सांगा. परीक्षेत मी हेच लिहून पास झालोय.”

गावकर संतापला नाही. तो माझ्याहून हुशार होता. माझ्या डोक्यावरून त्यानं अंगणात बघितलं.

“बरा. धाकू, तू मेंबर आसस. तू कर रे हात वर. देवाच्या पाठसून विहीर नको म्हणान तू सांग.”

बापानं गोणपाटाची कड मुठीत धरली. सगळं देऊळ त्याच्याकडं बघत होतं. हात उठला नाही. आमच्या वाडीतल्या कोणाचाच उठला नाही. माझा एकट्याचा वर होता, पायरीवर, ना आत ना बाहेर.

पण बापानं त्या दिवशी व्हयही म्हटलं नाही. ओठ मिटून बसला. गोणपाट उचलून घरी आला तेव्हा एवढंच म्हणाला, “सांज जाली. पाण्याक कोण गेला?”

विहीर देवळामागंच झाली. गोड पाणी लागलं. रत्नागिरीला माझी मुलाखत झाली. तिघांनी मिळून एकच प्रश्न विचारला. “गावात तंटा केला तो तुम्हीच का?” मी होय म्हणालो. तो होय मला कडू लागला नाही. नोकरी हातची गेली.

आता मी पत्रकं छापून वाडीवाडीला वाटतो. लोकप्रशासन मी सोडलेलं नाही. त्याची शिकवणी आमच्या वाडीत चालते, संध्याकाळी, खळ्यात. मी हात जोडून गावकराच्या सुरात गाऱ्हाणं घालतो आणि मधेच ठराव घुसवतो. लोकांनी ओळखायचं आणि नाय म्हणायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या तोंडून व्हयच निघालं. स्वतःवरच हसले. दुसऱ्या दिवशीही तेच. हसू तेवढं कमी झालं.

सगळ्यात आधी आई म्हणाली. उभी राहून म्हणाली, “नाय म्हाराजा. आणि तुझ्या गावकराक सांग, मी घागर घेवन येतंय.”

मग इतर बायका. मग पुरुष. बाप अजून मोठ्यानं म्हणत नाही. ओठ हलतात.

दुसरी विहीर आम्ही मागणार नाही. देवळामागची तीच. आमच्या नावानं मंजूर झाली, तीच आमची. पुढच्या ग्रामसभेला वाडी पायऱ्या चढून मंडपात बसणार आहे. ठराव मी मांडणार, हात वर करून मोजायला लावणार. मोजले नाहीत तर तिथून उठून सरळ विहिरीवर. नोटीस काढा, पोलीस आणा, वाळीत टाका. वाळीत तर आम्ही जन्मापासून आहोत.

बापाचं गोणपाट आईनं फाडलं. त्याच्या चुंबळी केल्या, घागरीखाली डोक्यावर ठेवायला. वाडीतल्या प्रत्येक बाईला एक.

सभा लागू द्या.