शेवटच्या रिळात न मेलेली कौसल्या

कौसल्या गेली तेव्हा मी बाजारात होतो. गिरणीचा पट्टा तुटला होता, नवा आणायला गेलो होतो. परत आलो तर दारात चपलाच चपला. आमच्या वस्तीत एवढ्या चपला लग्नाला दिसतात नाहीतर मयताला, आणि आमच्या घरी लग्नाचं कुणी नव्हतं. आत गेलो. ती बाजेवर होती, डोक्याखाली हात घेऊन, नेहमी पडायची तशी. शेजारची सुमन म्हणली, "भाऊ, चहा ठेव म्हणल्या, आन् चहा उकळस्तोवर गेल्या." मी पट्टा हातात धरून तसाच उभा... कुणीतरी तो माझ्या हातातून काढून घेतला.

हे मी रडायला लिहीत नाही. रडणं घरात झालं. लिहितो ते पेपरात आलेल्या निधनाच्या चौकटीपायी. तिचा भाचा मिलिंद परभणीला शाळेत मास्तर आहे, त्यानं ती दिली. 'मनमिळाऊ, प्रेमळ, आदर्श गृहिणी' असं छापून आलं. मनमिळाऊ! कौसल्या! तिच्याशी एकदा तरी भांडलेल्या माणसाला त्या दिवशी हसू आलं असेल, आणि अशी माणसं पूर्णेत लय आहेत. तिनं आयुष्यात जे काम केलं त्याचा मात्र चौकटीत एक शब्द नव्हता. तर तो मी इथं घालतो. माझी बायको सिनेमात होती. साडी नेसून झाडाभोवती फिरणारी नव्हे. पँट, बूट, कमरेला काडतुसांचा पट्टा, डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि खाली घोडा. डाकूच्या स्वस्तातल्या पिक्चरची ती मेन होती. पोस्टरवर नाव 'मिस ज्वाला'. परभणीच्या टॉकीजला आणि जत्रेतल्या तंबूत तिच्या नावावर गर्दी व्हायची.

तिचा बाप रेल्वेत गँगमन, माझा बाप पूर्णा स्टेशनवर टांगा हाकायचा. दोघं एकाच वस्तीतले, एकाच विहारात बसणारे. दुपारी गाडी नसली की माझा बाप घोडी सोडायचा आणि कौसल्या तिच्यावर चढायची. खोगीर नाही, रिकीब नाही, परकर खोचून. एकदा ती घोडी घेऊन सरळ बाजारातून गेली. आमच्या वस्तीतला नवरदेव त्या रस्त्यानं घोड्यावर निघाला तरी तेव्हा चार जणांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. ही तर पोरगी! संध्याकाळी बाजारातले दोघं जण आमच्या दारात आले. माझ्या बापाला म्हणले, "समजून सांग पोरीला. हे बरं दिसत न्हाई." बाप घोडीचा खरारा करायला लागला होता. मान वर न करता म्हणला, "घोडीला बरं वाटतंय. तुमाला का दुखायलंय?" दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः कौसल्याला हाक मारली आणि बाजारातूनच चक्कर मारायला लावली.

हैदराबादचे एक सेठ गोदावरीच्या वाळूत शूटिंग करायला आले, तेव्हा आमची घोडी भाड्यानं नेली. हिरो मुंबईहून आणलेला, गोरापान, पण घोड्याला भिणारा. घोडीनं त्याला वाळूत टाकलं आणि पळाली. कौसल्या तिथं गंमत बघायला आली होती. धावली, आयाळ धरली, पळत्या घोडीवर चढली आणि वळवून आणली. सेठनं कॅमेरा बंद केलाच नव्हता. त्या हिरोला परत पाठवलं आणि कौसल्याच्या बापाच्या दारात येऊन बसले.

सेठला फॉरेनच्या पिक्चरचं वेड. टोपी, बूट, सगळं तिथलं बघून शिवलेलं. तिला समजावून सांगायचे की तिकडं गुरं राखणारी माणसं पिक्चरचे हिरो असतात. ती म्हणली, "माझ्या आज्यानं जलमभर गुरं राखली सेठ, त्याला तर कुणी पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला न्हाई." सेठनं टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. मग म्हणले, "तो तू उनका नाम कर." तिनं केलं. पिक्चर हिंदीत असायचं, बोलणं दुसरीच्या आवाजात भरायचे, पण घोडा तिचा, उडी तिची, पडणं तिचं. खांद्याचं हाड मोडलं ते तिचंच. मी घोड्यांचा मोतद्दार म्हणून, दाणापाणी बघायला, बरोबर. लग्न आमचं हैदराबादेतच, दोन शूटिंगच्या मध्ये झालं. गावाकडं आलो की लोक मला विचारायचे, "काय रे, बायकोला पिक्चरमधे नाचवतोस म्हणं?" मी म्हणायचो, "नाचता येत न्हाई तिला. लाथ मारता येती. बोलवू का?"

आता ज्यासाठी मला तिचा अभिमान वाटतो ती गोष्ट. या पिक्चरांचा एक ठराव होता. बंदूकवाली बाई शेवटच्या रिळात मरायची. हिरोवर झाडलेली गोळी ती छातीवर घ्यायची, त्याच्या मांडीवर डोकं ठेवायची, आणि तो घरातल्या सालस पोरीशी लग्न करायचा. कौसल्या दर पिक्चरला अशी मेली. तिला त्याचं काही वाटायचं नाही. मरून उठायची, धूळ झटकायची आणि घोड्याला पाणी पाजायला यायची.

मग पूर्णेत तंबू लागला. आम्ही तेव्हा सुट्टीवर घरी आलेलो. सगळी वस्ती बघायला गेली, तिची आईपण गेली. आईनं लेकीला पडद्यावर पहिल्यांदाच बघितलं. शेवटी गोळी लागली तशी म्हातारी उठली, घरी आली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. सकाळ झाली तरी चूल पेटवली नाही. आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजार भाकरी आणतो. तर बघतो काय, वस्तीतल्या बाया रांगेनं यायलेल्या. टोपलीत भाकरी, पिठलं, कुणी वरण. आणि मयत तर ओट्यावर बसून राखुंडीनं दात घासायलंय!

कौसल्या म्हणली, "अगं, मी जित्ती हाय! काय खुळ्या झालाव का?"

त्यातली सगळ्यात म्हातारी द्वारकामाय म्हणली, "आमाला बी दिसायलंय तू जित्ती हाईस. पर तुझ्या मायनं तुला मेलेलं बघितलं ना? तिनं चूल कशी पेटवावी? आमी तिच्यासाठी आणलंय. तू बी खा."

कौसल्या हसायला गेली, पण हसली नाही. आईच्या शेजारी बसली आणि स्वतःच्या मयताची भाकरी तिला घास घास भरवली. आई एवढंच म्हणली, "दर बारीला तूच का मरायचं गं? दुसरं कुणी न्हाई का तिथं?"

हैदराबादला गेल्या गेल्या तिनं सेठला सांगितलं, आता मरणार नाही. सेठ म्हणले, "ऐसा कैसा? डाकू मरे बगैर पिच्चर खतम कैसा होना?"

"मला घोड्यावर बसून जाऊ द्या. झालं खतम."

"पब्लिक को मरना होना, अम्मा!"

"पब्लिकला मरायचं असंल तर मरू द्या. मी मरत न्हाई."

सेठ भला माणूस. एक पिक्चर त्यानं तिच्या म्हणण्यासारखं काढलं. शेवटी ती हिरोकडं बघते, टोपी पुढं ओढते आणि डोंगराकडं निघून जाते. आमच्या भागात तंबूतल्या बायांनी शेवटचं रीळ परत लावायला लावलं. बाकीकडं मात्र ते चाललं नाही. वितरक म्हणले, शेवट बदला. ती म्हणली, माणूस बदला. त्यांनी माणूस बदलला. पुढच्या पिक्चरात दुसरी पोरगी आली, टोपी तीच, आणि ती शेवटी नीट मेली. आम्ही पूर्णेला परतलो. कौसल्यानं माझ्या बापाचा टांगा हाकला, टांगे बंद पडले तशी पिठाची गिरणी टाकली. कुणी म्हणलं, एवढ्याशा हट्टापायी नशीब घालवलं. एवढासा? मी तर म्हणतो, त्याच्याएवढा मोठा हट्ट मी पूर्णेत दुसरा बघितला नाही.

म्हणून तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे विहारातल्या श्रद्धांजलीच्या, दिवशी मी अडलो. मिलिंदनं मंडपात ठेवायला फोटो करून आणला होता, आधारकार्डावरचा मोठा केलेला, डोक्यावर पदर. मी माझा फोटो काढला, घोड्यावरचा. तो मला बाजूला घेऊन म्हणला, "मामा, समजून घ्या. पोरीच्या सोयरिकीचं चाललंय, पाहुणे येतील. आन् तथागतांच्या मूर्तीशेजारी बंदूकवाला फोटो कसा ठेवायचा?"

"बंदूक लाकडाची हाय. इथल्याच सुतारानं केलेली."

"दिसती तर खरी ना, मामा!"

पोराचं अगदीच चूक होतं असं नाही. पण मला एवढंच कळत होतं की पडद्यावर न मेलेल्या बाईला हा घरात मारायलाय. मी भांडलो नाही. टेबलावर त्याचा फोटो राहू दिला. माझा घेतला आणि पहिल्या रांगेत मांडीवर धरून बसलो, तोंड लोकांकडं करून. भंतेजींनी बघितलं आणि वंदना सुरू केली. वंदना झाली, फुलं वाहायची वेळ आली. पहिली उठली ती मिलिंदची आई, कौसल्याची भावजय. तिला दिसतं कमी, गुडघे गेलेले. टेबलाकडं गेली, फोटोला हात लावून बघितला, म्हणली, "ही कोण?" आणि वळून माझ्याकडं आली. माझ्या मांडीवर फूल ठेवलं. "ही हाय," म्हणली. मग बाया एकामागं एक माझ्याकडं यायला लागल्या... मांडी फुलांनी भरली, मला उठता येईना. मिलिंद शेवटपर्यंत टेबलापाशी उभा होता. अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बोलेल. नाही बोलला तरी फोटो बदलणार नाही.

आता फोटो गिरणीत लावलाय, दारातून आत आलं की समोर. दिवसभर पीठ उडतं, टोपी पांढरी होते, घोडा पांढरा होतो. संध्याकाळी गिरणी बंद केली की मी फडक्यानं पुसतो, आधी तिचं तोंड, मग घोडा. दळणाला आलेल्या पोरी विचारतात, बाबा, ह्या कोण? मी पट्टा थांबवतो आणि पहिल्यापासून सांगतो. दळण राहतं बाजूला. मिलिंदच्या लेकीची सोयरीक ज्यांच्याशी चालली आहे त्यांनीही हे वाचलं असेल, तर लपवायचं काही नाही. पूर्णेला उतरा, स्टेशनबाहेर कुणालाही कौसल्याबाईची गिरणी विचारा. दळण नसलं तरी या.