नातवासाठी म्हणून मागितलेला बेगल

सोनईच्या सत्यशीलाकाकू अमेरिकेहून लेकीचं बाळंतपण उरकून आल्या, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी त्यांना विचारून विचारून भंडावलं. तिकडं करमलं का, थंडी किती, खायचं काय. काकूंनी सगळ्यांना एकच सांगितलं, आपल्या घरासारखं कुठं नाही. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. कारण संध्याकाळी देवापुढं बसून माळ हातात घेतली, की काकूंच्या मिटल्या डोळ्यांपुढं बेगल यायचा.

बेगल म्हणजे मधोमध भोक असलेला पाव, असं कुणी म्हटलं की काकूंना राग यायचा. पाव दाबला की दबतो. बेगल आधी उकळत्या पाण्यात सोडतात, मग भट्टीत भाजतात. त्यानं वर चकचकीत, चिवट साल येते, दातानं ओढावी लागते. गोड मुळीच नाही, वरून तीळ. अंडं नसल्याची खात्री निकितानं, त्यांच्या लेकीनं, दुकानात करून घेतली होती, आणि पहिला तुकडा काकूंनी सोबत नेलेल्या बाळकृष्णाला दाखवूनच तोंडात टाकला होता. दर रविवारी जावई सकाळीच गरम बेगल आणायचे. त्यातला एक काकूंचा. आख्खा, ताटलीत, वाफ निघत असताना. इथं लग्न होऊन आल्यापासून त्या सगळ्यांची जेवणं झाल्यावर बसत आलेल्या, तव्यावरची शेवटची, गार झालेली भाकरी घेऊन.

तसाच एक गरम बेगल इथं मिळवायचा, असं काकूंनी मनाशी ठरवलं. पण मागायचा कुणाच्या नावानं? भजनात बायकांना जिभेला लगाम घाला म्हणून सांगणाऱ्या बाईनं या वयात, मला अमुक खावंसं वाटतं, असं दुकानात जाऊन म्हणायचं? काकू स्टँडाजवळच्या सुनीलच्या बेकरीत गेल्या आणि म्हणाल्या, नातवासाठी पाहिजे. नातू होता अमेरिकेत, आणि त्याला दात होते चार.

सुनीलनं मोबाईलमधला फोटो पाहिला, त्यात काय एवढं म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी टुटीफ्रुटी घातलेले गोड पाव हातात ठेवले. भोक बाटलीच्या बुचानं पाडलेलं दिसत होतं.

काकू म्हणाल्या, "अरे, गोड कशाला केलं?"

"बारक्या पोराला गोडच लागतंय काकू. बिनगोडाचं कोन खातंय?"

काकूंनी ते घरी आणले. त्यांच्या यजमानांनी, बिभीषणकाकांनी, दोन चहात बुडवून खाल्ले आणि चांगलेत की म्हणून तिसरा उचलला.

मग काकूंनी निकिताला व्हिडिओवर कृती विचारली. कुणाला हवेत, असं लेकीनं विचारल्यावर पुन्हा जीभ अडली, आणि शेजारच्या पोरांनी हट्ट धरलाय असं त्या बोलून गेल्या. निकितानं कृती पाठवली ती लहान मुलांच्या डब्यासाठीची, दूध-साखर घातलेली. त्यातलं दूध-साखर वगळून काकूंनी भट्टीच्या जागी कढईत मीठ तापवून घरीच घाट घातला. पाण्यात तरंगणारी कडी पाहून काका म्हणाले, "चकल्या उकडायला लागलीस व्हय?" कढईतून निघाले ते दगड. म्हशीपुढं टाकले, तर तिनं हुंगून मान फिरवली.

कुणीतरी सांगितलं, श्रीरामपूरला मोनिकाताईंची बेकरी आहे, नाताळात लांबून लांबून माणसं केकसाठी येतात. काकू तिथल्या डॉक्टरांकडं जाते म्हणून घरून निघाल्या. राहुरीला गाडी बदलली, उन्हात उभं राहावं लागलं, वर डॉक्टरांचं खोटं डोक्यावर होतंच. बेकरीतही त्यांनी नातवाचंच नाव पुढं केलं. मोनिकाताईंनी मात्र सगळं नीट ऐकलं. पीठ उकळत्या पाण्यात सोडायचं म्हटल्यावर हसल्या नाहीत. अंडं नको हेही त्यांच्या लक्षात राहिलं. पुढच्या आठवड्यात या, म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात ट्रेमध्ये तस्सेच बेगल. तीच चकाकी, तेच तीळ. काकूंचा जीव हरखला. त्यांनी एक हातात घेतला आणि अंगठा टेकवला, तर अंगठा आत. मऊ लोणी.

"दूध घातलं जरा," मोनिकाताई म्हणाल्या. "लहान लेकरू म्हटल्यावर दातांना कडक कशाला?"

काकूंना रडावं का चिडावं तेच कळेना. चूक कुणाच्या माथी मारायची? बाईनं मायेनं केलं होतं. त्यांनी पिशवी उचलली, आणि जाता जाता नुसतं म्हणाल्या की असा नसतो तो.

मोनिकाताईंनाही ते लागलं. मेहनत त्यांनीही घेतली होती. त्या म्हणाल्या, "मग असं करा मावशी, नातवालाच घेऊन या एकदा. त्याच्या तोंडून कळू द्या कसा पाहिजे ते."

दुकानात आणखी दोन बाया ब्रेड घ्यायला थांबल्या होत्या. काकूंनी पदर सावरला.

"नातवाला नकोय," त्या म्हणाल्या. "मला खायचाय. मला."

बाया वळून बघायला लागल्या. मोनिकाताईंनी काकूंकडं नीट पाहिलं.

"दात कसेत तुमचे?"

"ऊस सोलते."

"मग आधी न्हाई का सांगायचं? उगं त्या लेकराच्या नावानं मला मऊ करायला लावलं."

पुढच्या खेपेला दूध नव्हतं, साखर नव्हती. पीठ घट्ट मळून रात्रभर ठेवलेलं, उकळत्या पाण्यात थोडी काकवी. भट्टीतून ट्रे निघाला तेव्हा काकू समोर उभ्या होत्या. सवयीनं त्यांनी घरी नेण्यासाठी कागद मागितला. गार झाल्यावर काय मजा, असं म्हणून मोनिकाताईंनी कागद दिलाच नाही.

काकूंनी डोळे मिटून देवाला मनातच दाखवला आणि तिथंच, उभ्यानं, दात लावला. साल ताणली गेली. पुन्हा ओढली. मोनिकाताई काउंटरवर हात टेकून वाट बघत होत्या.

"मीठ कमी पडलंय," काकू म्हणाल्या. "भोक बुजलंय. अन् आतून अजून आवळ पाहिजे."

आयुष्यात पहिल्यांदाच त्या दुसऱ्याच्या हातच्या खाण्याला एवढी नावं ठेवत होत्या. बोलता बोलता बेगल मात्र संपला होता.

"पुढच्या बुधवारी या," मोनिकाताई जरा घुश्शातच म्हणाल्या. "बघू कसा होत न्हाई ते."

घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. काकांनी आधी पिशवी चाचपली, मग उलटी करून झटकली.

"श्रीरामपूरहून काहीच न्हाई आणलं?"

"एकच हुता," काकू म्हणाल्या, आणि देवापुढं दिवा लावायला गेल्या. "मी खाल्ला."