दहा वर्षं टिकणारं मशीन

आमच्या घरातली एकही मोठी वस्तू आम्ही दुकानातून आणलेली नव्हती. कतारमध्ये निम्मी माणसं कायम बॅगा भरत असतात. कोणाचं कॉन्ट्रॅक्ट संपतं, कोणाच्या मुलीची बारावी येते, आणि त्यांचा सोफा, फ्रिज, कढीपत्त्याची कुंडी असं सगळं दुसऱ्या मराठी घरात जाऊन पडतं. आमचं वॉशिंग मशीनही असंच, पुण्याला परत निघालेल्या एका जोडप्याकडून आलं. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," नवरा म्हणाला होता. त्याला आता सहा वर्षं झाली होती. तो लुसैलच्या फुटबॉल स्टेडियमच्या कामावर इंजिनीअर होता आणि तिथे कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर होतं, वर्ल्ड कप होऊ दे, मग बघू. आम्ही घरातही तेच म्हणायला लागलो होतो. पडदे फाटले तरी वर्ल्ड कप होऊ दे.

त्या उन्हाळ्याच्या तोंडावर सासूबाई आल्या. पक्षाघाताने त्यांचा डावा हात आणि पाय गेला होता, नवरा एकुलता एक, नाशिकला बघायला कोणी नव्हतं. दोहातल्या मदिनत खलीफा भागातल्या एका व्हिलाचे मालकाने चार भाग केले होते, त्यातल्या मागच्या भागात आम्ही राहायचो. हॉलच्या एका कोपऱ्यात खिडकीशी त्यांची कॉट लावली. खिडकीत तुळस ठेवली, म्हणजे त्यांना सकाळी उठल्याउठल्या दिसेल.

त्यांचा लघवीवरचा ताबा गेला होता. डायपर लावून पाहिले, पण दोन दिवसांत कातडी सोलवटली. डॉक्टर म्हणाले, मऊ सुती कापडच बरं. म्हणून त्यांच्याच जुन्या साड्या फाडून मी चौकोनी घड्या शिवल्या. त्या घड्या, चादरी, गाऊन मिळून मशीन दिवसाला तीनदा, कधी चारदा लावावं लागे. मी हे सगळं प्रेमाने करत होते असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे. मी करत होते, एवढंच. घडी बदलताना सासूबाई तोंड भिंतीकडे फिरवायच्या आणि मी ओली घडी बादलीत टाकायची. चार दिवस सासूचे, चार सुनेचे म्हणतात. माझे चार दिवस आले ते बादली घेऊन.

जुलैत मशीन बिघडलं. आधी फिरताना मिक्सरमध्ये खडे पडल्यासारखा आवाज यायला लागला, मग आतलं पाणी बाहेर जाईना. एकदा दार उघडलं तर सगळ्या घड्यांवर गंजाचे तांबूस डाग. हाताने धुवायचं म्हटलं तर दोहाच्या उन्हाळ्यात ते सोपं नाही. गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. म्हणून आम्ही सगळेच उन्हाळ्यात गीझर बंद करून ठेवतो आणि त्यात घरातल्या एसीने निवलेलं पाणी गार म्हणून वापरतो. ते पाच-सहा बादल्यांत संपायचं. मग मी चटके सोसत धुवायची. धुतलेलं वाळत घातलं की वीस मिनिटांत कडकडीत वाळायचं, पण रस्ते चहूकडे खणलेले, त्यामुळे घडीघडीवर बारीक धूळ. ती धूळ त्यांच्या कातडीला लागू नये म्हणून मी प्रत्येक घडी दहादा झटकायची. माझ्या नाकी नऊ आले होते.

दुरुस्तीवाला चार दिवस "इन्शाल्ला कल" म्हणत राहिला. शेवटी आला तो घामाघूम होऊन, म्हणाला, मॅडम, रोज नया डायव्हर्जन डालते हैं. हैदराबादचा वयस्कर माणूस. त्याने पंप बदलला, ड्रम हाताने हलवून पाहिला आणि मान हलवली.

"बेअरिंग जा रहा है मॅडम. लोड कम करो, तो थोडा दिन चलेगा."

माझं डोकंच फिरलं. मी मोठ्याने म्हणाले, "लोड कैसे कम करूँ भाईसाब? दिन में चार बार लगाना पडता है. घर में पेशंट है."

सासूबाईंची कॉट तिथून सहा पावलांवर होती. बाहेरच्यांशी आम्ही हिंदीत बोलतो, आणि हिंदीत बोललेलं घरातल्या माणसाला लागत नाही अशी आपली एक समजूत होऊन बसते. त्यांना हिंदी उत्तम कळत होतं. मी वळून पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर धुणं कमी झालं. चारदाचं तीनदा झालं, मग दोनदा, मग दिवसातून एकदाच मशीन लागायला लागलं. मला वाटलं, औषध लागू पडलं. मी बहिणीला फोन करून सांगितलं, "आता जरा बरं आहे गं, माणसात आल्यासारखं वाटतंय." सासूबाईही स्वतःहून काही करायला लागल्या होत्या. उशाशी पाण्याचा जग आणि ग्लास असायचा. चांगल्या हाताने ग्लास भरून त्या हळूहळू तुळशीला पाणी घालायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं, आई बघ कशा करताहेत. जग दिवसातून दोनदा रिकामा व्हायचा आणि मी तो भरून ठेवायची.

दुरुस्तीवाला येऊन गेल्याच्या आठव्या दिवशी सकाळी त्या नीट जाग्याच होईनात. डोळे उघडले तर मला 'काकू' म्हणाल्या. ओठांना भेगा पडल्या होत्या, जीभ लाकडासारखी कोरडी. आम्ही त्यांना इमर्जन्सीत नेलं. तिथे लगेच सलाइन लागलं. वॉर्डातली नर्स वसईची निघाली. माझं बोलणं ऐकून तिने मराठीतच विचारलं, "ताई, ह्या पाणी पीत नाहीत का?"

"पितात की. दोन जग संपतात रोज."

ती नुसती सलाइनच्या बाटलीकडे पाहत राहिली.

दुपारी त्यांचे गाऊन न्यायला मी घरी आले. खिडकीतली तुळस पिवळी पडली होती. देठ बुडाशी काळे, कुंडीखालची ताटली तुडुंब, आणि पाणी ओघळून खिडकीची कड फुगलेली. मी ओल्या मातीत बोट घातलं आणि मला सगळं कळलं. मला रडू आलं नाही, राग आला. आधी त्यांचा, मग त्या मेकॅनिकचा, आणि मग ज्याचा यायला हवा होता त्याचा. बहिणीला केलेला फोन आठवून मला माझी किळस वाटली.

संध्याकाळी त्या शुद्धीवर होत्या. मी खुर्ची जवळ ओढली.

"आई, पाणी तुळशीला घालत होतात ना?"

त्यांचे शब्द अडखळत यायचे. "कमी प्यायलं... की कमी होतं."

भाजीत मीठ किती घालायचं हे सांगावं, तशा सुरात त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी बाहेर बोलावून बजावलं, दोन दिवसांनी घरी न्या, पण पाणी पोटात गेलंच पाहिजे. पुन्हा असं झालं तर मूत्रपिंडं साथ देणार नाहीत.

मी त्याच रात्री मेकॅनिकला फोन केला. म्हटलं, दिवसाला चार वेळा लावलं तरी मान टाकणार नाही असं मशीन सांगा. तो भला माणूस. म्हणाला, बटणांऐवजी बोटाने दाबायची काच असलेलं घेऊ नका, इथल्या धुळीत आणि गरम पाण्यात तिचं काही खरं नाही. धुणारं आणि सुकवणारं एकत्र नको. आणि मागून बघा, आतला टब स्क्रूने जोडलेला असेल तरच घ्या. जोड वितळवून बंद केलेला असेल तर बेअरिंग गेल्यावर सगळं मशीनच फेकावं लागतं.

दुकानातल्या सेल्समनने आम्हाला नेमकं काचेचंच दाखवलं. मोबाइलवरून चालतं म्हणे. मी त्याला म्हणाले, माझ्या घरी मोबाइलवरून काहीच चालत नाही, मागची बाजू दाखवा. तो गोंधळून मॅनेजरकडे बघायला लागला. नवरा एका छोट्या, स्वस्त मशीनपाशी घुटमळत होता. मी मोठ्या मशीनवरचं स्टिकर वाचलं, मोटरला दहा वर्षांची गॅरंटी.

"दहा वर्षं कशाला लागतंय आपल्याला?" नवरा म्हणाला.

एरवी मी म्हणाले असते, हो रे बाबा, वर्ल्ड कप झाला की जायचंच आहे. पण त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं आणि माझी नजर पुन्हा स्टिकरवर गेली. त्याच्या मनात कॉन्ट्रॅक्ट नव्हतं. माझ्याही नव्हतं. मीही स्टिकर वाचताना मनातल्या मनात मोजलं होतं, आणि त्या मोजणीत आईंच्या वाट्याला दहा वर्षं आली नव्हती. तीन आली होती, फार तर चार. चार म्हणताना मला धडकी भरली होती, हेही खरं आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, ह्यालाही तेच वाटलं असणार, आणि हा तर पोटचा मुलगा.

मी खाली बसून मशीनच्या मागे वाकून पाहिलं. सेल्समनने टॉर्च धरला. स्क्रू होते. "हेच," मी म्हणाले. डिलिव्हरीला पाच दिवस लागतील म्हणाले, तेव्हा मी काउंटरसमोर खुर्ची ओढून बसले. उद्या मिळत नसेल तर मी इथून हलणार नाही, असं हिंदीत आणि इंग्रजीत सांगितलं. वेळ पडली असती तर मराठीतही सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी दोघं जण मशीन घेऊन आले, जुनं ओढत बाहेर नेलं, यल्ला यल्ला, चला चला करत नळ्या जोडल्या आणि गेले.

त्याच दुपारी आईंना घरी आणलं. उशा लावून त्यांना बसवलं आणि मी ग्लास पुढे केला. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आई, नवीन मशीन आणलंय. कितीही वेळा लावता येतं."

 त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "किती... टिकेल?"

"दहा वर्षं."

त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. "आणि तू?"

तीन महिने ही बाई मला रोज बघत होती. माझं आदळणं, आपटणं, घडी उचलताना आवळलेले ओठ, सगळं तिने त्या कॉटवरून पाहिलं होतं. तिच्याशी खोटं बोलायची सोय नव्हती.

"मीही," मी म्हणाले.

खोटं आहे हे त्यांना कळलं. त्यांनी माझ्या हातातून ग्लास घेतला, आणि ठसका लागला तरी न थांबता सगळं पाणी पिऊन टाकलं.