आमच्या मुलाचे पाहुणे राठोडांकडे जेवले

मुलासाठी चालून आलेली सोयरीक मी स्वतःच्या हातानं शेजारच्या घरी पाठवली.

मुद्दाम नाही हो! मारेगावचे पाहुणे मुलीला घेऊन आमचं घर पाहायला येणार होते. त्यांनी पत्ता विचारला तेव्हा मी समोरच्या राठोडांकडे चहा पीत होतो. "पत्ता कायले? लोकेशनच टाकतो!" म्हणालो, आणि तिथल्याच सोफ्यावरून बटण दाबलं. (नवा मोबाईल, नवा गर्व!)

यवतमाळच्या टोकाला आमचं लेआउट. बंजारा राठोड, शेख गुरुजी, तेलुगू बोलणारे रेड्डी आणि आम्ही. घरं एकाच ठेकेदारानं बांधलेली, म्हणून जुळी. त्यात राठोडांची पाटी रंगकामासाठी काढलेली!

घरी सौ. पोह्यांची कढई झाकून बसलेली. चिरंजीव इस्त्रीच्या शर्टात, घडी मोडेल म्हणून श्वासही बेतानं घेत होते. बराच वेळ गेला. पोहे थंड, सौ. गरम! शेवटी फोन लावला.

"कुठवर आलात?"

"अवो, तुमच्याच घरी तर जेवून राह्यलो!"

मी आमच्या बैठकीत नीट पाहिलं. कोणी नव्हतं!

तसाच समोर धावलो, मागोमाग सौ. राठोडांच्या ओसरीत पंगत रंगलेली. वहिनी भाकरी थापत होत्या. ईद कालच झालेली, त्यामुळं शेखांचा शिरखुर्मा पानात. रेड्डींचा चिंचेचा भातही पोचलेला.

"या, या! बसा!" मुलीच्या वडिलांनी माझंच स्वागत केलं. "आमच्या विहीणबाईच्या हातची भाकर खाऊन पाहा. काय मायाळू बाई हाये!"

विहीणबाई म्हणजे राठोड वहिनी! खरी विहीण माझ्या मागं उभी होती, आणि वळून पाहायची माझी छाती नव्हती.

"पोरगाही पसंत हाये," म्हणत त्यांनी पाणी देणाऱ्या राठोडांच्या पुतण्याकडे बोट दाखवलं. त्याच्या हातून तांब्याच सुटला. बिचाऱ्याचं लग्न होऊन पोरगी बालवाडीत जाते!

"वहिनी, हे आमचे पाहुणे!" मी कळवळलो. "तुम्ही विचारलं नाही, कोण म्हणून?"

"भाऊजी, दारात आलेल्या माणसाले आधी जेवू घालू, का 'तू कोन' म्हनू?"

पाहुण्यांचा घास हातातच राहिला. मोडली सोयरीक, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात मुलगी खुदकन हसली. "बाबा, मले तर आल्याआल्याच समजलं. फोटोतला मुलगा हा नाहीच."

"मंग बोलली काहून नाही?"

"भाकर तव्यावर होती ना!"

पाहुणे असे हसले की त्यांना ठसकाच लागला. डोळे पुसत म्हणाले, "घर पाहू निवांत. असा शेजार असला तर पोरीची काय चिंता?" चिरंजिवांना हाक मारून बोलावलं आणि दोघांची पसंती तिथंच, राठोडांच्या ओसरीत झाली. सौ.चे गारढोण पोहे राठोडांनी भरल्या पोटी दोनदा मागून खाल्ले. तेव्हा मात्र माझे डोळे भरून आले.

लग्नात मारेगावकरांनी वरपिता म्हणून पहिला हार घातला तो राठोडांना. मला एका काकांनी विचारलं, "आपण कोणाकडचे?"

मी म्हणालो, "शेजारचा."